६१७४ या संख्येचा अभ्यास कागद-पेन्सिलीने कसा करावा

६१७४ ही संख्या बहुतेक वाचकांना एका वजाबाकीमुळे ठाऊक असते, आणि ती वजाबाकी दोन-चार वेळा करून झाली की ओळखही तिथेच थांबते. प्रत्यक्षात या एका संख्येवर दोन-तीन संध्याकाळी सहज जातील इतके काम आहे आणि त्यासाठी शालेय बीजगणितापलीकडचे फारसे काही लागत नाही. ते काम कोणत्या क्रमाने करावे, चुका कुठे होतात आणि त्या कशा पकडाव्यात, हे पुढे सांगितले आहे. काम करताना एक प्रश्न मात्र सतत समोर ठेवावा: जो गुण सापडला तो त्या संख्येचा आहे, की आपण संख्या दशमान पद्धतीने लिहितो त्या लेखनाचा आहे? ६१७४मध्ये दोन्ही प्रकारचे गुण आहेत. प्रसिद्धी मिळाली ती लेखनाच्या गुणाला. संख्येचा स्वतःचा जो गुण मला अधिक मोलाचा वाटतो, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

साहित्य म्हणून चौकडीची वही, पेन्सिल आणि खोडरबर एवढेच पुरे. कॅल्क्युलेटर पहिल्या दिवशी दूर ठेवावा. हा सल्ला काटकपणासाठी नाही. कॅल्क्युलेटर संख्येच्या सुरुवातीचे शून्य गिळतो आणि या कामात त्या शून्यावरच बरेच काही अवलंबून असते.

पहिली वजाबाकी

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एकच, की तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून एक संख्या आणि चढत्या क्रमाने लावून दुसरी संख्या तयार करावी, मोठीतून लहान वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि त्यानंतर तीच संख्या येत राहते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

ही गोष्ट दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडली, म्हणून ६१७४ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. गणिती कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले आणि मग ते जगभर पोहोचले. तोपर्यंत ते शाळेतून निवृत्त होऊनही तेरा वर्षे झाली होती.

पहिले उदाहरण म्हणून त्यांचेच जन्मवर्ष घ्यावे. ते मी मुद्दाम निवडले आहे, कारण त्याला पूर्ण सात पायऱ्या लागतात.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

परिषदेचे वर्ष १९४९ घेतले तरी सातच पायऱ्या लागतात, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६० घेतले तरीही सातच. या दोन्ही वजाबाक्या स्वतः करून पाहाव्यात. यात गूढ मात्र शोधू नये. दर दहा हजारांत दोन हजारांहून अधिक संख्यांना सात पायऱ्या लागतात, हे पुढे मोजून दिसेलच.

सुरुवातीचे शून्य सांभाळणे

माझ्या भाचीला मी ही कृती पहिल्यांदा दाखवली तेव्हा तिने २१११ घेतली. २१११ − १११२ हे उत्तर तिने वहीत ९९९ असे लिहिले, मग ९९९ उलटसुलट लावूनही ९९९च राहते म्हणून वजाबाकी शून्य आली, आणि “मामा, तुझा नियम खोटा आहे” असे तिने विजयी मुद्रेने जाहीर केले. तिची वजाबाकी बरोबर होती, चूक लेखनात होती. उत्तर चार घरांत ०९९९ असे लिहायला हवे होते. मग पुढची वाटचाल अशी होते:

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

म्हणून वहीच्या पानावर आधीच चार उभे रकाने आखून घ्यावेत आणि कोणताही रकाना कधीही रिकामा ठेवू नये. लहान मुलांकडून हे करून घेत असाल तर ही सवय पहिल्या मिनिटालाच लावावी, नाहीतर अर्धा तास नियमाची वकिली करण्यात जातो.

ताळा पाहणे

सात वजाबाक्यांत एखादी चूक झाली तरी ती लक्षात येत नाही. चुकीच्या उत्तरापासूनही गाडी पुढे ६१७४वरच पोहोचते, त्यामुळे शेवटचे उत्तर बरोबर आले म्हणजे मधले काम बरोबर झाले असे येथे म्हणता येत नाही. यावर फार सोपा ताळा आहे. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरात पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज १० आणि मधल्या दोन अंकांची बेरीज ८ असली पाहिजे. तसे नसेल तर मधले दोन्ही अंक ९ आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज ९ असली पाहिजे. यांपैकी काहीच जुळत नसेल तर वजाबाकी चुकली आहे असे खुशाल समजावे.

वरच्या उदाहरणात ९३५१मध्ये ९ + १ = १० आणि ३ + ५ = ८ आहेत. ३९९६ हे दुसऱ्या प्रकारात बसते, कारण मधे दोन नऊ आहेत आणि ३ + ६ = ९. ६१७४मध्ये ६ + ४ = १० आणि १ + ७ = ८. हा ताळा का चालतो हे समजले की संपूर्ण कोडेच उलगडते, म्हणून त्याच्याकडे आता बारकाईने पाहू.

चार अंकांऐवजी दोन फरक

उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हणावे. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ होते आणि लहान संख्या १०००घ + १००ग + १०ख + क होते. त्यांची वजाबाकी सोडवली तर ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढेच उरते. कडेच्या दोन अंकांच्या फरकाला, म्हणजे क − घ याला, ‘प’ म्हणू आणि मधल्या दोघांच्या फरकाला, म्हणजे ख − ग याला, ‘म’ म्हणू. वजाबाकीचे उत्तर मूळ चार अंकांवर अवलंबून नसून फक्त प आणि म या दोन आकड्यांवर अवलंबून आहे, ही या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. म्हणूनच ७६४१ आणि ६२०० या एकमेकींशी काही संबंध नसलेल्या संख्या पहिल्याच पायरीत एकाच उत्तरावर येतात: दोन्हींत प = ६ आणि म = २ आहे, आणि ६२०० − ००२६ = ६१७४.

आता उत्तराचे अंक काढावेत. म शून्य नसेल तर उसने घेण्याचा नेहमीचा हिशेब करून हजाराच्या घरात प, शतकाच्या घरात म − १, दशकाच्या घरात ९ − म आणि एककाच्या घरात १० − प येतात. पहिल्या आणि शेवटच्या अंकांची बेरीज १० आणि मधल्यांची ८, हा ताळा इथून आला. म शून्य असेल तर उसने आणखी पुढे सरकते आणि अंक प − १, ९, ९, १० − प असे येतात. ताळ्याचा दुसरा प्रकार हा. दोन्ही प्रकारांत उत्तर नऊने भागले जाते, कारण ९९९ आणि ९० दोघांनाही नऊने भाग जातो.

एवढे हाती आल्यावर वजाबाकी करण्याची गरजच उरत नाही. १९०५साठी प = ९ आणि म = ४, म्हणून उत्तराचे अंक ९, ३, ५, १. ते उतरत्या क्रमाने लावले की ९, ५, ३, १ मिळतात, त्यांवरून नवा प = ८ आणि नवा म = २. सगळा प्रवास जोड्यांच्या भाषेत असा लिहिता येतो:

(९, ४) → (८, २) → (७, ५) → (४, ०) → (६, ३) → (४, २) → (६, २)

(६, २) या जोडीपाशी आलो की तीच जोडी पुन्हा येते. सरावाने ही साखळी तोंडी करता येते, आणि बसच्या रांगेत उभे असताना यासारखी करमणूक मला तरी दुसरी सापडलेली नाही.

चोपन्न घरांचा तक्ता

कोणतीही चार अंकी संख्या घेतली तरी ६१७४ येतेच, ही गोष्ट दहा-वीस उदाहरणांवरून सिद्ध होत नाही. मात्र जोड्यांमुळे सिद्धता अगदी आवाक्यात येते. प हा १ ते ९ असू शकतो. म हा ० ते प इतकाच असू शकतो, कारण मधल्या अंकांचा फरक कडेच्यांच्या फरकाहून मोठा होऊ शकत नाही. म्हणजे एकूण जोड्या २ + ३ + ४ + … + १० = ५४ झाल्या. दहा हजार संख्यांचा पसारा पहिल्याच वजाबाकीनंतर चोपन्नांवर येतो.

वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर या चोपन्न जोड्यांचा पायऱ्यांसारखा तक्ता आखावा. डावीकडे प, वर म, आणि प्रत्येक घरात पुढची जोडी लिहावी. कष्ट आणखी कमी करायचे असतील तर दोन सममिती लक्षात घ्याव्यात. प आणि १० − प यांची अदलाबदल केली तर, म शून्य नसताना, उत्तराचे अंक तेच राहतात आणि फक्त जागा बदलतात. (६, २) आणि (४, २) या जोड्यांची उत्तरे ६१७४ आणि ४१७६ आहेत, हे याचे उदाहरण. तसेच म आणि १० − म यांची अदलाबदल केल्यावर होते: (९, ४) पासून ९३५१ आणि (९, ६) पासून ९५३१. म शून्य असलेल्या नऊ जोड्यांत हीच गोष्ट प आणि ११ − प यांच्याबाबतीत घडते. हे सर्व जमेस धरले की वेगवेगळे अंकसमूह फक्त ३० उरतात. त्यांपैकी २५ समूह म शून्य नसलेल्या जोड्यांतून येतात आणि ५ समूह म शून्य असलेल्या जोड्यांतून.

तक्ता पूर्ण भरायला मला साधारण पाऊण तास लागला. भरून झाल्यावर (६, २) या घराभोवती लाल वर्तुळ काढावे आणि उलट्या दिशेने वाचायला लागावे: (६, २) येथे थेट नेणारी घरे कोणती? स्वतः (६, २) वगळता ती फक्त तीन सापडतील, (४, २), (८, ४) आणि (८, ६). त्यांची उत्तरे अनुक्रमे ४१७६, ८३५२ आणि ८५३२. म्हणजे जिला दोन किंवा अधिक पायऱ्या लागतात अशी प्रत्येक संख्या शेवटून दुसऱ्या पायरीवर या तीनपैकी एका दारातूनच आत येते. १९०५ पहिल्या दारातून आली, भाचीची २१११ तिसऱ्या दारातून. मग त्या प्रत्येक दाराशी कोणती घरे उघडतात ते पाहावे, मग त्यांच्या मागची. असे करत गेले की सातव्या पायरीपर्यंत चोपन्नही घरे संपतात आणि एकही घर बाहेर राहत नाही. हीच सिद्धता, आणि ‘जास्तीत जास्त सात’ हा आकडाही तिथूनच येतो.

किती संख्यांना किती पायऱ्या लागतात हेही या तक्त्यावरून मोजता येते. एक मोजणी करून दाखवतो. पहिल्याच पायरीत ६१७४ देणाऱ्या संख्या म्हणजे प = ६ आणि म = २ असलेल्या. सर्वांत लहान अंक ०, १, २ किंवा ३ असू शकतो. तो ठरला की सर्वांत मोठाही ठरतो. मधल्या दोघांपैकी लहान अंक सर्वांत लहान अंकाइतका असेल तर त्या चार अंकांच्या १२ मांडण्या होतात. तो त्याहून १, २ किंवा ३ने मोठा असेल तर चारही अंक वेगळे असल्याने प्रत्येकी २४ मांडण्या होतात. तो ४ने मोठा असेल तर मधला मोठा अंक सर्वांत मोठ्याइतका होतो आणि पुन्हा १२ मांडण्या होतात. बेरीज ९६, आणि चार शक्यतांसाठी ३८४. त्यांत ६१७४ स्वतः आहे, ती वगळून ३८३ उरतात. दोन पायऱ्यांच्या संख्या तीन दारांप्रमाणे २८८ + १९२ + ९६ = ५७६ भरतात. उरलेल्यांची मोजणी वाचकांवर सोपवतो. ०००० ते ९९९९ या दहा हजार मांडण्यांपैकी तीन पायऱ्या लागणाऱ्या २४०० आणि सात पायऱ्या लागणाऱ्या २१८४ भरल्या पाहिजेत, एवढा पडताळा पुरेसा आहे. जन्मवर्षांना सात पायऱ्या लागण्यात नवल का नाही, हे आता स्पष्ट व्हावे.

अवयव पाडणे

इथून पुढे वजाबाकी बाजूला ठेवावी आणि ६१७४कडे केवळ एक संख्या म्हणून पाहावे. दोनने भागल्यावर ३०८७ मिळते (ही संख्या १९६०च्या साखळीत भेटली असेल), तिला तीनने दोनदा भागल्यावर ३४३ मिळते, आणि ३४३ हा सातचा घन आहे. म्हणून

६१७४ = २ × ३² × ७³

मूळ अवयव फक्त २, ३ आणि ७. त्यांचे घातांक १, २, ३ असे क्रमाने चढलेले पाहून आनंद होतो खरा, पण तो योगायोग आहे. विभाजकांची संख्या (१ + १) × (२ + १) × (३ + १) = २४. ते सगळे लिहून काढताना गुणाकार ६१७४ येईल अशा जोड्या लावाव्यात, म्हणजे एखादा सुटत नाही: १ आणि ६१७४, २ आणि ३०८७, ३ आणि २०५८, ६ आणि १०२९, याप्रमाणे ६३ आणि ९८ पर्यंत. विभाजकांची बेरीज ३ × १३ × ४०० = १५६०० येते. तिच्यातून ६१७४ स्वतः वजा केली तरी ९४२६ उरतात, म्हणजे ही संख्या आपल्या विभाजकांच्या बेरजेपेक्षा बरीच लहान आहे.

६१७४पर्यंतच्या किती संख्या तिच्याशी सहमूळ आहेत, म्हणजे एकाखेरीज किती संख्यांचा तिच्याशी सामाईक विभाजक नाही, हेही काढावे. निम्म्या संख्या दोनमुळे जातात, उरलेल्यांतील एक तृतीयांश तीनमुळे आणि मग उरलेल्यांतील एक सप्तमांश सातमुळे. ३०८७, मग २०५८, मग १७६४. हे शेवटचे उत्तर ४२चा वर्ग आहे आणि शिवाय त्यात ६१७४चेच चार अंक आहेत. मूळ अवयवांच्या वर्गांची बेरीज घेतली तर ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, म्हणजे १३चा वर्ग. अशा जुळण्या जमवण्याचा छंद लवकर लागतो. वहीत त्यांना जागा द्यावी, पण वेगळ्या पानावर द्यावी आणि वर ‘योगायोग’ असे लिहावे. कारण सापडेपर्यंत ती जुळणी त्या पानावरून हलवू नये.

अठराची गोष्ट

एक जुळणी मात्र त्या पानावरून हलवावी लागते. ६१७४च्या अंकांची बेरीज १८ आहे, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३. आता ३४३चे दुसरे रूप पाहावे: १ + १८ + ३२४, म्हणजे १ + १८ + १८². त्यामुळे

६१७४ = १८ + १८² + १८³

पडताळा: १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. पहिल्या भेटीत हेही गमतीचे वाटते, पण यामागे संख्यासिद्धांतातील एक गंभीर वस्तुस्थिती आहे. एखादी संख्या, तिचा वर्ग आणि १ यांची बेरीज परिपूर्ण घन होते का, असा प्रश्न घ्यावा. दोन, तीन, चार, पाच असे करून पाहिले तर ७, १३, २१, ३१ मिळतात आणि त्यांत घन नाही. अठराला घन येतो, सातचा. त्यानंतर कितीही पुढे गेले तरी पुन्हा घन येत नाही, धन पूर्ण संख्यांत अठरा हे एकमेव उत्तर आहे. नॉर्वेचे गणिती त्रिग्वे नागेल आणि विल्हेल्म ल्युंगग्रेन यांची नावे या प्रकारच्या समीकरणांशी जोडलेली आहेत. शालेय साधनांनी ही सिद्धता होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मात्र अठरापर्यंतची पडताळणी पाढ्यांवर होते आणि ती अवश्य करावी.

हा गुण संख्येचा आहे, लेखनाचा नाही. आपण दशमान पद्धतीऐवजी अठराच्या पायावर, म्हणजे घरांच्या किमती १, १०, १०० ऐवजी १, १८, ३२४ अशा धरून, संख्या लिहीत असतो तर ३४३ ही १११ अशी आणि ६१७४ ही १११० अशी दिसली असती. तिथे ती कोणाच्या नजरेतून सुटलीच नसती. अंकांची बेरीज १८ असणे हा मात्र दशमान लेखनाचा भाग आहे, आणि दोन अठरा एकाच ठिकाणी भेटले हा खरोखरच योगायोग आहे.

कापरेकरांच्या इतर कसोट्या

कापरेकरांनी संख्यांच्या आणखी काही जाती सांगितल्या. ६१७४ला त्या कसोट्या लावून पाहाव्यात. आपल्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. १८ने ६१७४ला भाग जातो हे वर पाहिलेच, म्हणून ती हर्षद आहे.

दुसरी जात स्वयंभू किंवा देवळाली संख्यांची. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्माला येते. जी अशा प्रकारे कोणापासूनच जन्मलेली नाही ती स्वयंभू. ६१७४ स्वयंभू आहे का, हे शोधताना सगळ्या संख्या तपासत बसू नये. चार अंकांची बेरीज ३६पेक्षा जास्त होत नाही, म्हणून जननी असलीच तर ती ६१३८ आणि ६१७३ यांच्या दरम्यान असणार. शिवाय ६१७४ नऊच्या पटीत असल्याने जननीही नऊच्या पटीत असावी लागते. म्हणजे ६१३८, ६१४७, ६१५६ आणि ६१६५ एवढ्याच तपासायच्या. ६१५६च्या अंकांची बेरीज १८ आहे आणि ६१५६ + १८ = ६१७४. म्हणून ६१७४ स्वयंभू नाही.

तिसऱ्या जातीबद्दल घोटाळा वारंवार होतो. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत मिळते तिला कापरेकर संख्या म्हणतात. ४५चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५; २९७चा वर्ग ८८२०९ आणि ८८ + २०९ = २९७. ६१७४चा वर्ग ३८११८२७६ आहे, आणि ३८११ + ८२७६ = १२०८७. म्हणजे कापरेकर स्थिरांक ही कापरेकर संख्या नाही. नावे जवळची असली तरी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि विद्यार्थ्यांच्या वहीत त्या वेगवेगळ्या पानांवर असाव्यात.

अंकांची संख्या आणि पाया बदलून पाहणे

शेवटची कसोटी सुरुवातीच्या प्रश्नाची आहे. तीच वजाबाकी तीन अंकांवर केली तर ४९५ मिळते, कारण ९५४ − ४५९ = ४९५. दोन अंकांवर कुठेच थांबा मिळत नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकांवरही स्थिर संख्या नाही. ५३९५५ पासून ५९९९४ येते आणि ५९९९४ पासून पुन्हा ५३९५५. पाच अंकांची याखेरीज प्रत्येकी चार संख्यांची आणखी दोन चक्रे आहेत. त्यांतील एक ६१९७४ पासून आणि दुसरे ६२९६४ पासून सुरू करून शोधता येते. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या भेटतात. चार अंकांची नीटस गोष्ट सगळीकडे चालत नाही, हे यावरून दिसते.

पायाही बदलून पाहावा. पाचाच्या पायावर, म्हणजे ० ते ४ एवढेच अंक वापरून, चार अंकी वजाबाकी करायची असेल तर उसने दहाऐवजी पाच मिळते, बाकी कृती तीच राहते. तिथे ३०३२ घ्यावी. उतरत्या क्रमाने ३३२० आणि चढत्या क्रमाने ०२३३. एककात ० मधून ३ जात नाहीत, उसने घेऊन ५ − ३ = २. पुढच्या घरात १ उरला, त्यातून ३ जात नाहीत, पुन्हा उसने घेऊन ६ − ३ = ३. त्यापुढे २ − २ = ० आणि शेवटी ३. उत्तर पुन्हा ३०३२ आले. आपल्या नेहमीच्या भाषेत ही संख्या ३ × १२५ + ३ × ५ + २ = ३९२ आहे. पाच बोटांवर मोजणाऱ्या समाजातील शिक्षकाने हीच वजाबाकी केली असती तर त्याच्या हाती ३९२ लागली असती. ६१७४ त्याच्या लेखनात १४४१४४ अशी सहा अंकी दिसली असती, आणि तिचे दोन सारखे अर्धे पाहून ती ४९ आणि १२६ यांचा गुणाकार आहे हे त्याने भागाकार न करताच ओळखले असते.